गुणगुणू रोडवरची गिटार

मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात माझी ३१ वर्षं गेली, त्यामुळे संगीताकडे मी वजनाने बघतो. तंबोरा दिसला की रसिक माणसाचे डोळे मिटतात, माझे उघडतात. लांबी किती, भोपळ्याचा घेर किती, पेटीत पेंढा नीट दाबलाय का, वर 'नाजूक' लिहिलंय का, आणि 'ही बाजू वर' असं ज्या बाजूला लिहिलंय ती बाजू खरोखर वर आहे का, एवढं बघून मी पावती फाडायचो. मोठमोठ्या गवयांच्या मांडीला लागलेली वाद्यं आधी माझ्या काट्यावर बसून गेली आहेत. त्यांतलं एकही मी वाजताना ऐकलेलं नाही.

असा मी निवृत्तीनंतर लेकीकडे सिडनीला गेलो. नातू आठ वर्षांचा. तो गिटार शिकतो. म्हणजे दर मंगळवारी गिटार पाठीला लावून जातो आणि तशीच पाठीला लावून परत येतो. पोराला गोडी लागावी म्हणून एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, उद्या टॅमवर्थला जाऊ. तिथे १२ मीटर उंचीची सोनेरी गिटार आहे."

"वाजते?"

"नाही हो. हायवेच्या कडेला उभी आहे."

"मग जाऊन करायचं काय?"

"फोटो काढायचा."

"लांब किती?"

"चारशे किलोमीटर."

म्हणजे जवळजवळ मिरज-मुंबई. फोटोसाठी मुंबईला जाऊन त्याच पावली परत यायचं, असं मिरजेत कुणी म्हणालं असतं तर त्याला आम्ही रिक्षाने एखाद्या दवाखान्यात नेलं असतं. गावात दवाखाने भरपूर आहेत. पण जावई पुण्याचे असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असं लग्नाच्या याद्या होतानाच ठरलेलं आहे. आमच्या हिने फक्त एक प्रश्न विचारला, "सोन्याची आहे का हो?" सोन्याची नाही, सोनेरी आहे, हे कळल्यावर तिचा निम्मा उत्साह गेला. उरलेल्या निम्म्यात तिने धपाटे केले.

सिडनी सोडून उत्तरेला लागलं की दोन-तीन तासांनी राजधान्या सुरू होतात. वाटेत स्कोन नावाचं गाव लागतं, ते घोड्यांची राजधानी. टॅमवर्थच्या पश्चिमेला गनेडा आहे, ते कोआलांची राजधानी, तीही साध्यासुध्या देशाची नव्हे तर सगळ्या जगाची. टॅमवर्थ स्वतः कंट्री म्युझिकची राजधानी. शाळेत आम्ही ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा म्हणून घोकलं होतं, ते सगळं वाया गेलं. अर्थात हसायला आपल्यालाही जागा नाही. आपल्याकडे राजधान्या दिल्ली-मुंबईने अडवून ठेवल्यात, म्हणून आपण पंढऱ्या वाटतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून सांगली नाट्यपंढरी. कुठे कुस्तीची पंढरी, कुठे क्रिकेटची. विठोबा एकटा, विटा तरी किती ठिकाणी मांडणार!

टॅमवर्थ जवळ येऊ लागलं तसे रस्त्यावर 'कंट्री म्युझिक कॅपिटल'चे फलक दिसायला लागले. हिने मागच्या सीटवरून ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि माझा खांदा दाबला. "अहो, कंट्री म्हणजे?"

मिरजेत काय किंवा सबंध महाराष्ट्रात काय, कंट्री म्हणजे एकच. ती सरकारमान्य दुकानात मिळते आणि दुकानाचा फलक हिरवा असो वा पिवळा, गिऱ्हाईक तो न वाचताच आत जातं. "एवढ्याशा पोराला घेऊन आपण कंट्रीच्या राजधानीला चाललोय होय?" ही म्हणाली. जावयांनी गाडी चालवता चालवता खुलासा केला. कंट्री म्हणजे खेड्यापाड्यातलं गाणं. त्यात न आलेला पाऊस असतो, गेलेला घोडा असतो, रात्रभर ट्रक हाकणारा ड्रायव्हर असतो आणि गावाकडे वाट बघणारी आई असते. ऐकून हिचा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे हे सगळं ट्रकच्या मागे दोन ओळींत लिहितात, त्यांनी त्याला चाल लावली इतकंच.

पण नावाचा योग पाहा. या ऑस्ट्रेलियन कंट्रीचा सम्राट होता स्लिम डस्टी. मूळ नाव डेव्हिड गॉर्डन कर्कपॅट्रिक, गवळ्याच्या गोठ्यात वाढलेला पोरगा. अकराव्या वर्षी त्याने स्वतःच स्वतःचं बारसं केलं. 'स्लिम डस्टी'चं मराठी करायचं म्हटलं तर श्री. किडकिडे धुळेकर असंच करावं लागेल. या धुळेकरांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं १९५७ सालचं, आणि त्याचा विषय काय, तर बिअर संपलेला दारूचा गुत्ता. कंट्रीचा सम्राट झाला तो ड्राय डेचं गाणं म्हणून! पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या सांगता समारंभात याच माणसाला गायला उभं केलं होतं. टॅमवर्थच्या गिटारीवरचा पडदाही १९८८ साली त्याच्याच हातून निघाला.

ती गिटार ज्या रस्त्याला उभी आहे त्याचं नाव पाटीवर वाचून मी जावयांना गाडी हळू घ्यायला सांगितली. इंग्रजी अक्षरांत ते 'गूनू गूनू रोड' असं दिसतं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द आहे आणि गावकरी त्याचा उच्चार 'गनगनू' असा करतात. आता सांगा, हा 'गुणगुणू' नाही तर काय आहे? गाण्याच्या राजधानीत, गिटारीच्या दारात, गुणगुणू रोड. कुणा पुणेकराने ठरवून नाव दिलं असतं तर इतकं जमलं नसतं, हे मी मनातच म्हणालो.

आणि मग ती दिसली.

दिसली म्हणजे काय, न दिसायची सोयच नव्हती. चार मजली चाळीइतकी उंच, दांडी आभाळात, पोट जमिनीकडे, आणि अंगभर असा सोनेरी रंग की लग्नातल्या बँडवाल्याने डोळे झाकावेत. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. नंतर फोटो सुरू झाले.

या फोटोचं एक शास्त्र आहे. गिटार पूर्ण यायची असेल तर माणसाला तिच्या बुडाशी उभं करून आपण मागे मागे जायचं. गिटार येते, पण माणूस तिळाएवढा होतो. माणूस ओळखू यायचा असेल तर गिटारीचा गुडघा येतो. तिसरी पद्धत ताजमहालवाली: माणसाने पुढे उभं राहून चिमूट धरायची आणि मागच्या गिटारीची मान चिमटीत आलीय असं भासवायचं. आमच्या शेजारी एक गोरं जोडपं हेच करत होतं. बाई सांगत होती, "डावीकडे, आणखी डावीकडे," आणि तो बिचारा हवेत चिमूट घेऊन सरकत होता. हिने मात्र चिमूट धरायला साफ नकार दिला. "मी काय मीठ घालतेय का तिला?" असं म्हणून ती पदर सावरून समोर उभी राहिली. तिच्या मागे सोनेरी भिंत आली. घरच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर धाकट्या मेहुण्याने विचारलं, "ताई, कुठल्या सराफाचं दुकान?"

नातवाचा प्रश्न वेगळा होता. "आजोबा, ही वाजवणारा माणूस केवढा असेल?" त्याची गिटार साधारण एक मीटरची, ही बारा मीटरची. म्हणजे वाजवणाराही बारापट. त्याला कुंभकर्णाची गोष्ट सांगितलेली होतीच. हिशेब बसला. इथला मोठा उत्सव वर्षातून एकदाच, जानेवारीत असतो. तेव्हा कुंभकर्ण मधले सहा महिने झोपला तरी कुणाचा खोळंबा नाही. त्या दिवसांत पील स्ट्रीटवर हातभर अंतराने एकेक गाणारा उभा असतो, हॉटेलं भरून गेलेली असतात आणि लोक पील नदीच्या काठाला तंबू ठोकून राहतात. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नव्हता. गावात शांतता इतकी, की आमच्या धपाट्यांचा कागद वाजला तर लोक वळून बघत होते.

शेजारीच माहिती केंद्र आहे. मी आत जाऊन गिटारीचं वजन विचारून घेतलं; सवय सुटत नाही. अर्धा टन. १२ मीटर लांबी आणि वजन अवघं पाच क्विंटल. आमच्या भाषेत सांगायचं तर असल्या मालाला वजनाचा नव्हे, आकारमानाचा दर लागतो. कापूस, रिकामी पिंपं, वेताच्या खुर्च्या आणि टॅमवर्थची गिटार, सगळे एका रांगेत.

खरी मजा पुढे आहे. मला वाटलं होतं, या गावात कुणी तानसेन होऊन गेला असेल, घराणं असेल, गिटारी करणारे कारागीर असतील. तसं काही नव्हतं. या राजधानीचा संस्थापक आहे टेलिव्हिजन! गावात २टीएम नावाचं रेडिओ केंद्र होतं. साठच्या दशकात घरोघरी टीव्ही आले आणि संध्याकाळनंतर रेडिओ ऐकायला कुणी उरेना. रात्रीचे तास कशाने तरी भरायला हवेत, म्हणून केंद्राने निरनिराळ्या गाण्यांचे कार्यक्रम लावून बघितले. त्यांत १९६५ साली एक कंट्रीचा कार्यक्रम सुरू झाला. रात्रीच्या वेळी त्या केंद्राच्या लहरी लांबवर पोचायच्या. दूरदूरच्या शेतांवरचे, मेंढवाड्यांवरचे, रस्त्यावरचे ट्रकवाले लोक तो ऐकू लागले. पत्रांचा ढीग पडला. तेव्हा केंद्रातल्या चार डोक्यांनी बसून १९६९ साली ठरवलं, आजपासून आपलं गाव कंट्री म्युझिकची राजधानी. संपलं. ना ताम्रपट, ना स्थलपुराण. १९७३ पासून बक्षिसं सुरू केली. बक्षीस म्हणून छोटी सोनेरी गिटार द्यायचं ठरलं. सर्वोत्तम गाण्याची पहिली गिटार मिळाली जॉय मॅक्कीन या बाईंच्या गाण्याला. गाणं ट्रक ड्रायव्हरचं, गायलं तिच्या नवऱ्याने, म्हणजे आपल्या धुळेकरांनीच. आणि १९८८ साली त्या बक्षिसाचीच मोठी आवृत्ती करून हायवेला लावली. आपल्याकडे ढाल जिंकली तर शाळेच्या कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली हरवते. त्यांनी ढालच कपाटाएवढी, नव्हे शाळेएवढी केली आणि रस्त्यावर ठेवली.

बरं, या गावाकडे खरा वारसा नव्हता असंही नाही. नगरपालिकेने स्वतःची वीज तयार करून रस्त्यावर दिवे लावले, असं ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं गाव. साल १८८८. पण दिव्याला कोण फोटो काढायला येतो! शंभर वर्षं वाट बघितली आणि गिटार उभी केली. सांगली जिल्ह्यातल्या लोडशेडिंगचे दिवस काढलेला माणूस म्हणून मला तो दिवाच जास्त थोर वाटला, पण माझं मत तिथे कोण विचारतो.

हे ऐकता ऐकता मला आमचं गाव आठवलं, कारण मिरजेची गोष्ट तरी वेगळी कुठे आहे? मिरजेच्या सतारी साधारण १८५०च्या सुमाराच्या. आधी ती मंडळी शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. इंग्रज आले, लढाया संपल्या, तलवारीचा धंदा बसला. हात तर रिकामे, आणि हातातली कारागिरी काही कमी झालेली नाही. फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सतार दुरुस्त करून पाहिली, मग नवी करून पाहिली, आणि पिढ्यांचं आडनाव सतारमेकर झालं. तिकडे टीव्हीने रेडिओचं गिऱ्हाईक पळवलं तेव्हा राजधानी झाली. इकडे कंपनी सरकारने तलवारीचं गिऱ्हाईक पळवलं तेव्हा तंबोरा झाला. धंदा बसल्याशिवाय गावात गाणं उठत नाही, असं माझं त्या गिटारीखाली उभं राहून प्रामाणिक मत झालं. जावयांना ते सांगितलं. ते आयटीत आहेत. ते एकदम गप्प झाले.

परतताना जावयांनी ऑस्ट्रेलियातल्या अवाढव्य वस्तूंची यादीच सांगितली. कॉफ्स हार्बरला १९६४ पासून केळं आहे. एका केळीवाल्याने गाड्या थांबाव्यात म्हणून दुकानापुढे उभं केलं. गोलबर्नला पंधरा मीटर उंचीचा मेंढा आहे. हायवेने गावाला बायपास दिला, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा २००७ साली त्यांनी मेंढाच उचलून नव्या रस्त्याच्या जवळ नेला. बायपासने मारलेले आपल्याकडचे धाबेवाले आठवा. धाबा हलत नाही, मेंढा हलला. बोवेन गावी तर दहा मीटरचा आंबा आहे आणि २०१४ साली एका रात्रीत तो चोरीला गेला. नंतर कळलं की एका कोंबडीवाल्या कंपनीची ती जाहिरात होती, आंबा मागच्या झाडीत झाकून ठेवला होता. देवगडच्या बागायतदाराला हे सांगून बघा. आंब्याच्या चोरीची थट्टा करणाऱ्या माणसाला तो घरात घेणार नाही.

"आणि बाबा," जावई म्हणाले, "सिडनीत तर साठ फुटी व्हायोलिन आहे."

गाडीत शांतता पसरली. ही म्हणाली, "आपण सिडनीतच राहतो ना? मग पाच तास इकडे कशाला आलो?"

ते सिडनी कॅनडातलं निघालं, नोव्हा स्कॉशियातलं, बंदरावरचं. पण तोपर्यंत जावयांचे पुण्याचे गुण निम्मे कापले गेले होते.

आपल्याकडे असं काही नाही, असं मात्र समजू नका. अयोध्येत लता मंगेशकर चौकात वीणा आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये लतादीदींच्या जयंतीला बसवलेली. घडवणारे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार, म्हणजे खरेखुरे धुळेकर. लांबी ४० फूट, उंची १२ मीटर. आकडा ओळखीचा वाटला ना? मलाही वाटला. टॅमवर्थची गिटार १२ मीटर आणि अयोध्येची वीणा १२ मीटर. फरक वजनात. गिटार अर्धा टन, वीणा १४ टन. अभिजात संगीत सुगम संगीतापेक्षा भारी असतं असं लोक म्हणतात, पण अठ्ठावीस पट भारी असतं हे काट्यावर सिद्ध झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. लतादीदींचं लहानपण सांगलीचं. सांगलीहून मिरज रिक्षाच्या अंतरावर. त्या वाटेवर कुणी वीणा-तंबोरा उभा केला तर? अंधार पडला होता, नातू झोपला होता, पुढे तीन तासांचा रस्ता होता. मी मनातल्या मनात मिरजेत चाळीस फुटी तंबोरा उभा करायला घेतला.

पहिली अडचण जागेची. आमची महानगरपालिका सांगली, मिरज आणि कुपवाड या तिघांची मिळून एक आहे. तंबोरा मिरजेचा खरा, पण नाट्यपंढरी सांगली. ती मागे कशी हटणार? आणि एमआयडीसी कुपवाडला, वेल्डिंग तिथेच स्वस्त पडेल असा मुद्दा निघणार. तीन बैठकांनंतर तोडगा असा निघेल की भोपळा सांगलीला, दांडी मिरजेला आणि खुंट्या कुपवाडला.

दुसरी अडचण, मर्दानी तंबोरा की जनानी? मर्दानी म्हणावं तर महिला मंडळांचं निवेदन. जनानी म्हणावं तर आकार लहान केला म्हणून पुन्हा महिला मंडळांचंच निवेदन. तिसरी अडचण पहिल्या तारेची. ती पंचमात लावायची की मध्यमात? गावात पंचम पार्टी आणि मध्यम पार्टी तयार होईल. मारवा गाणारे म्हणतील, आम्हाला निषाद पाहिजे. ही तार मुळात वाजणार नाहीये, असं सांगणाऱ्या माणसाला दोन्ही पार्ट्या सभेतून उठवतील.

भोपळ्याचं काय? मिरजेच्या वाद्यांना लागणारे भोपळे पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या शेतांतून येतात. एवढा भोपळा वेलाला धरायचा म्हणजे गोष्टीतल्या म्हातारीलाच बोलवावं लागेल. लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, लठ्ठ होऊन भोपळ्यात बसून परत येणारी ती म्हातारी. इथे माझा हात नकळत स्वतःच्या पोटावरून फिरला. लेकीकडे येऊन मला दोन महिने झाले होते आणि सीटबेल्ट दोनदा सैल करून झाला होता.

समजा सगळं जमलं, तंबोरा उभा राहिला. पहिल्या आठवड्यात तारांना वाढदिवसाचे फ्लेक्स लटकतील. चार तारा, चार भावी नगरसेवक. दुसऱ्या आठवड्यात भोपळ्याच्या सावलीत भडंगाची गाडी. महिन्याभरात 'तंबोरा स्टॉप' नावाचा रिक्षा थांबा, आणि वर्षभरात खुंट्यांवर कावळ्यांची घरटी. उद्घाटनाला पाहुणे साडेतीन तास उशिरा येतील आणि तोवर ध्वनिक्षेपकातून जो एकसुरी गूंऽऽ आवाज येत राहील, तोच काय तो त्या तंबोऱ्याचा षड्ज.

मिरजेला परत आल्यावर सतारमेकर गल्लीत गेलो. तिथले एक कारागीर माझे जुने गिऱ्हाईक, म्हणजे मी त्यांच्या पेट्यांचा. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचा दांडी तासत बसले होते, मांडीवर भुसा. गल्लीत नेहमीसारखा सरसाचा आणि लाकडाचा वास. त्यांना मोबाइलवर गिटार दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, मोठा करत करत मानेपाशी गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मान सरळ हाय साहेब," ते म्हणाले. "उन्हापावसात उभी हाय आणि वाकली न्हाई. काम चांगलं हाय. जवारी कोण लावतं?"

"गिटारीला जवारी नसते चाचा. आणि ही तर वाजतही नाही."

"मग वाकंल कशी," असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला.

मी धीर करून माझा चाळीस फुटी तंबोरा त्यांच्यापुढे मांडला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा गावाच्या तोंडाशी काहीतरी भव्य पाहिजे, वगैरे. मला वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. पाठीमागून टेप काढला, समोरच्या तूनच्या ओंडक्यावर लावला आणि मान हलवली.

"चाळीस फुटाला लाकूड एका तुकड्यात मिळत न्हाई. सांधा द्यावा लागंल. सांधा दिला तर त्यावर मी नाव घालणार न्हाई." थोडा वेळ रंधा चालला. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि साहेब, गिऱ्हाईक कोण हाय?"

गिऱ्हाईकाचं नाव माझ्याकडे नव्हतं, म्हणून ऑर्डर राहिली.

तर वाचकहो, टॅमवर्थला गेलात तर जानेवारीत जा, मुक्कामाची सोय आधी बघा, आणि फोटोला चिमूट धरू नका. मिरजेला आलात तर हायवेवर काही शोधू नका. स्टेशनवर उतरा, रिक्षावाल्याला सतारमेकर गल्ली म्हणा. दर्गा जवळच आहे; किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना १९३७ साली तिथेच विसावा मिळाला, तिथेही जाऊन या. वाद्य घेतलंत तर भोपळ्याच्या अंगाला पेंढा जास्त घालायला सांगा आणि पेटीच्या चारही बाजूंना 'नाजूक' लिहून घ्या, एकाच बाजूला नको. बाकीचं मी बघितलं असतं, पण आता मी निवृत्त आहे.